सरांचा संशय आणि डावा पाय

"मॅडम, कुठंतरी पाणी मुरतंय."

आमचे पी.टी.चे सर हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत. म्हणताना डोळे बारीक करत आणि आवाज इतका खाली आणत, की पुढचे ऐकायला समोरच्याने वाकलेच पाहिजे. समोर बहुतेक वेळा मीच असे. सुरतेत कतारगामला ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथे त्यांची खोली माझ्या लायब्ररीला लागून होती. शिवाय स्टाफरूममधल्या बाकी सगळ्यांवरचा त्यांचा विश्वास मी यायच्या आधीच उडाला होता. माझ्यावर तरी पूर्ण होता असे नाही. पण मी जळगावची आणि ते अमळनेरकडचे, तेव्हा मला थोडी सवलत मिळे.

पाणी कुठेही मुरायचे. कॅन्टीनवाल्याने खमणबरोबर चटणी जास्त घातली, तर "आज जास्त का दिली?" भिंतीवरचे घड्याळ पुढे गेले, तर "माझ्याच तासाला कसं पुढं जातं?" फुटबॉलच्या नियमांचे पुस्तक त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा नेले, की एकदा मी विचारलेच. तर म्हणाले, "मागच्या वेळी यात एक पान कमी होतं." तुम्हीही असा माणूस कुठेतरी पाहिला असेल. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलेबी वाढली, की हा वाढप्याकडे रोखून बघतो आणि मगच जिलेबीकडे.

आता फुटबॉलचे सांगते. आमच्या कॉलेजात खेळ म्हणजे क्रिकेट, आणि तेही टेनिसच्या चेंडूचे. मागचे मैदान ट्रस्टींना लग्नांसाठी भाड्याने द्यायचे होते. सुरतेत मोकळी जमीन दिसली की लोकांना तिथे पार्टी प्लॉटच दिसतो, झगमग कमान आणि आत पनीरचे स्टॉल. आमचे प्राचार्य गुजराती, मनाने भले. त्यांनी ट्रस्टींकडून एक वर्ष मागून घेतले. कॉलेजांच्या फुटबॉल लीगमध्ये टीम उतरवायची. सगळे सामने खेळून झाले, तर मैदान मैदानच राहील. टीम मध्येच बाहेर पडली, तर खुशाल मंडप घाला. अशी आमची पहिली टीम झाली. सर तिचे कोच आणि मी मॅनेजर. मला फुटबॉलमधले काही कळत होते म्हणून नव्हे. लायब्ररीची खिडकी मैदानाकडे उघडते म्हणून. माझ्याकडे औषधाची पेटी आणि केळी एवढेच खाते होते.

पोरे बहुतेक आपल्या खानदेशी घरांतली, कोसाडच्या वसाहतीत राहणारी. कोणी दुपारी साड्यांच्या घड्या घालायला जाई. दोघे पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये बापाबरोबर राबत, त्यांची नखे कायम जांभळी. भूषण नावाचा एक उंच, सडसडीत पोरगा कतारगामच्याच एका कापड-कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. एक पंधरवडा दिवसपाळी, एक पंधरवडा रात्रपाळी. रात्रपाळी असली की सकाळी वर्गात येऊन पेंगायचा. तो डाव्या पायाने खेळायचा, म्हणून सरांनी त्याला डावी कड दिली.

पहिल्या दिवशी सरांनी पोरांना गोल बसवून ज्या सूचना दिल्या, त्या अजून माझ्या कानात आहेत. समोरच्या टीमचे पाणी प्यायचे नाही. रेफरीकडे बघून हसायचे नाही, त्याला वाटेल आपण काही केलेय. अनोळखी माणसाने दिलेली केळी खायची नाहीत. एवढे बोलून माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "मॅडमची केळी चालतील. पण सोलून बघत जा."

हसू नका. पाण्याचा जार आला, की आधी स्वतः ग्लासभर पिऊन ते बाकावर बसून राहत. "मला काही झालं नाही, तर तुम्ही प्या." उत्तरायण जवळ आले, मैदानात कटलेल्या पतंगांचा मांजा पडू लागला, तेव्हा रोज सकाळी पोरे यायच्या आधी मैदानभर वाकून तो मांजा गोळा करणारा माणूस हाच. त्यांच्या संशयात माया होती, हे माझ्या लक्षात यायला जरा उशीरच झाला.

पहिला सामना आम्ही हरलो. "रेफरीची शिट्टी आपल्या वेळेला मोठी वाजते." दुसराही हरलो. "गोलचे खांब एका बाजूला जवळ आहेत." तिसरा बरोबरीत सुटला. चौथ्यात भूषणने उजव्या पायाने असा एक फटका मारला, की गोलकीपर नुसता बघत राहिला, आणि आम्ही जिंकलो. पोरे एकमेकांच्या अंगावर पडून नाचायला लागली. मीही औषधाची पेटी घेऊन नाचले असते, पण शेजारी सर दगडासारखे उभे.

"सर, जिंकलो!"

"ते दिसलं. पण कसे जिंकलो?"

आणि खरोखरच समोरच्या टीमच्या कोचकडे जाऊन त्यांनी विचारून घेतले, की तुमच्या पोरांची तब्येत बरी आहे ना.

त्या विजयाने त्यांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत येऊन दार लोटून घेतले. "मॅडम, भूषण डाव्या पायाचा. कालचा गोल उजव्या पायाचा."

"दोन्ही पायांनी खेळत असेल."

"मी त्याला विचारलं नाही. पण बघतोय. काही दिवस डाव्यानं खेळतो, लंगड्या बैलासारखा. मग एकदम उजव्यानं, वाऱ्यासारखा. पुन्हा डाव्यानं. कुठंतरी पाणी मुरतंय." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "आणि तो वाऱ्यासारखा खेळतो ना, तेव्हा पोरं मधेच 'चेत्या, चेत्या' ओरडतात. हा काहीतरी इशारा आहे."

खरे सांगायचे तर त्यांचा रोग मलाही लागला. मी पुढच्या सरावाला पुस्तके सोडून खिडकीत उभी राहिले. कोणी पोराला काही पाजत असेल का? औषध वगैरे? की कोणी पढवतो त्याला, आज वाईट खेळ, उद्या चांगला खेळ? मग मला सरांचाच संशय आला, की हे सगळे माहीत असून माझी परीक्षा तर घेत नाहीत? लायब्ररीत तासन्‌तास आमचे कुजबुजणे चाललेले बघून स्टाफरूमला आम्हा दोघांविषयी वेगळाच संशय येऊ लागला, तो तर विचारूच नका. माझे वय पन्नाशीपुढचे आणि सरांचे केस पांढरे, पण लोकांना काय.

शेवटी एका दुपारी सर म्हणाले, "घरी जाऊन बघू." आम्ही दोघे बसने कोसाडला गेलो. खोली पहिल्या मजल्यावर होती. दारातच दोरीवर आमच्या टीमची जर्सी वाळत घातलेली. भूषणच्या आईने आम्हाला बघितले आणि तिला काय करू न काय नको असे झाले.

"या सर, या. भूषण कामवर गया. चेतन निजेल शे."

सरांनी माझ्याकडे बघितले. मी सरांकडे. "चेतन कोण?"

"धाकला मन्हा. रात्रपाळी करीसन ऊना." तिने खाटेकडे बोट दाखवले, आणि अगदी सहज, चहाचे आधण ठेवता ठेवता म्हणाली, "तुमनी मॅचले तोच येस ना."

खाटेवरचा पोरगा आवाजाने उठला. वर्षा-दीड वर्षाचा फरक असेल, पण तोच चेहरा, तीच उंची, तीच कोवळी दाढी. सरांना बघून ताडकन उभा राहिला आणि पाया पडला. लपवाछपवीचा मागमूसही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. सरांनी विचारले, त्याने सगळे सांगितले.

दोघे भाऊ कारखान्यात एकाच मशीनवर होते. एक दिवसा, एक रात्री, पंधरवड्याला अदलाबदल. मशीन कधी उभे राहत नाही. एकाला जमले नाही तर त्याने दुसरा माणूस उभा करायचा, जागा खाली ठेवायची नाही. खाडा केला, तर शेठ ती जागा दुसऱ्याला देतो. कार्डावर नाव कोणाचे आहे ते कोणी बघत नाही, माणूस उभा आहे ना तेवढे बघतात. भूषणला टीममध्ये घेतले तेव्हा दोघांनी इथेही तेच केले. भूषणची दिवसपाळी आली की सरावाला आणि सामन्याला चेतन. भूषणचे कॉलेजचे कार्ड घेऊन.

"दादा म्हणाला, आपल्यामुळे टीमचा खाडा व्हायला नको. नाहीतर सर दुसरा माणूस घेतील."

"आणि बाकीच्या पोरांना माहीत होतं?"

"हो. सगळ्यांना." त्याला प्रश्नच समजला नाही. "ते हाक मारतात ना मला."

म्हणजे सगळ्या टीममध्ये ज्यांना ठाऊक नव्हते असे दोघेच होते, डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवणारे आम्ही दोघे. सरांनी एकदम डोळे बारीक केले. "परीक्षेला कोण बसलं होतं रे?"

चेतन दुखावला. "परीक्षा दादाची आहे सर! तिथं मी कसा बसणार? मॅच तर टीमची असते."

समोर आलेला चहा सरांनी वास न घेता प्याला. मग विचारले, "रात्रपाळी करून मॅचला येतोस. झोपतोस कधी?"

"मॅच झाल्यावर."

परतताना बस स्टॉपवर मी म्हटले, "सर, बाहेर कोणाला पत्ता नाही. उद्यापासून चेतनला थांबवा, म्हणजे झालं. टीम राहील, मैदान राहील."

"राहील ना. आणि मी काय करू? समोरच्या टीमकडे कोणत्या तोंडानं संशयानं बघू?"

मला हसूही आले आणि गलबलूनही आले. दुसऱ्या दिवशी सर लीगच्या समितीपुढे गेले. मॅनेजर म्हणून मीही होते. सरांनी सगळे सांगितले, आणि दोष सरळ स्वतःवर घेतला. "पोरांना नियम ठाऊक नव्हता. सांगायचं काम माझं. मी त्यांना केळी सोलून बघायला सांगितली, पण एकाच्या जागी दुसरा खेळत नाही, एवढं सांगायचं राहिलं."

समितीच्या अध्यक्षांनी विचारले, "किसीने शिकायत की है?"

"नाही."

"किसीने पकडा?"

"नाही."

"फिर आप क्यों बता रहे हो?"

अध्यक्षांनी शेजारच्या दोघांकडे बघितले, त्यांनी अध्यक्षांकडे. मग अध्यक्ष पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, आदमी छोटी बात खुद तब बताता है, जब बडी बात छुपानी हो."

ज्या माणसाने सगळ्या जगाकडे रोखून बघितले, त्याच्याकडे जग रोखून बघताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला त्या तिघांचा असा संताप आला, की टेबलावरची पाण्याची बाटली उचलून फेकावीशी वाटली. बाहेर आल्यावर मी तोंडसुख घ्यायला सुरुवात केली, तर सर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे मॅडम. मीही हेच म्हटलं असतं."

चौकशी झाली. एकेका पोराला बोलावून कार्ड, फोटो, घरचा पत्ता, सगळे तपासले. निघाले काहीच नाही. चेतन खेळला ते सामने आमचे हरल्यात जमा झाले, आणि तो एकुलता एक विजयही त्यांतच गेला. भूषणला नियम माहीत नव्हता म्हणून माफी मिळाली. सरांना मोसम संपेपर्यंत मैदानावर पाय ठेवायला बंदी. टीम मात्र राहिली. स्टाफरूमने निष्कर्ष काढला, की म्हाताऱ्याला फुटबॉलमधून सुटायचे होते.

चौकशीने एक वाईट झाले. कोसाडच्या घरांत आईबाप घाबरले. कॉलेज पोरांना पकडते, घरी माणसे पाठवते, कशाला हा खेळ? एकेक पोरगे गळायला लागले. आम्ही कसेबसे बाकीचे सामने खेळलो, आणि शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. निदान सात पोरे उभी राहिली, तरच सामना होतो. त्या दुपारी सहा होती. सातवा भूषण, आणि त्याचा दिवसपाळीचा पंधरवडा चालू होता.

सर माझ्या खिडकीत उभे. मैदानावर बंदी होती, लायब्ररीत नव्हती. समोरची टीम अकराची अकरा आली होती, वर चार जण बाकावर बसायलाही. एक ट्रस्टी प्राचार्यांशेजारी खुर्ची टाकून बसले होते, मंडप कुठे घालायचा ते मनात आखत असावेत, असा माझा संशय. सरांनी खिडकीचा गज धरून ठेवला होता. मी घड्याळाकडे बघत होते आणि मला रडू येत होते, उगाच नाही लपवत.

रेफरीने शिट्टी तोंडाला लावली आणि मागच्या फाटकातून भूषण धावत आला. अंगावर कारखान्यातलाच शर्ट, केसांत सुताचा कचरा. सरांनी खिडकीतूनच हाक मारली. "भूषण! मशीनवर कोण आहे?"

"चेतन सर! रात्रीचा उतरलाच नाही तो. डबल करतोय. म्हणाला, तुझी जागा आहे, तू जा."

आणि तो जर्सी चढवत पळाला. सर माझ्याकडे वळले नाहीत. "ऐकलंत? आपला खरा खेळाडू तिकडं लूमवर उभा आहे मॅडम. हा इथं खेळावा म्हणून."

सामन्याचे काय सांगू! सात पोरे आणि समोर अकरा. आम्ही दणकून हरलो. भूषण तर त्या दिवशी इतका वाईट खेळला, की बघवेना. दोनदा स्वतःच्याच पायात अडकून पडला. एकदा समोर गोल उघडा होता, गोलकीपर लांब लोळत पडलेला, फक्त पाय लावायचा होता. त्याने डावा पाय उचलला आणि चेंडू भलतीकडे, थेट ट्रस्टींच्या खुर्चीखाली. सरांनी डोळे मिटून घेतले. पण सातही पोरे शेवटच्या शिट्टीपर्यंत उभी होती. मोसम पूर्ण झाला. प्राचार्यांनी ट्रस्टींपुढे हात केला, आणि ट्रस्टींना तो घ्यावा लागला.

पुढच्या जूनमध्ये सरांचा करार वाढवला नाही. कारण कोणी सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही. ते अमळनेरकडे गेले. त्यांच्या खोलीत आता कॉम्प्युटरचे जुने डबे ठेवले आहेत. मैदान आहे, टीमही आहे, नवे कोच तरुण आहेत आणि सगळ्यांवर विश्वास ठेवतात. मी सरांना अधूनमधून फोन करते. माझा आवाज ओळखूनही आधी "कोण बोलतंय?" असे दोनदा विचारतात.

पण मला ते आठवतात ते शेवटचा सामना संपल्यावरचे. मी लायब्ररीला कुलूप घालत होते, तर सर म्हणाले, "चला मॅडम." कुठे ते सांगितले नाही. दोन गल्ल्या ओलांडून आम्ही त्या कारखान्याच्या दारात उभे राहिलो. ज्यांनी लूमचा कारखाना आतून ऐकला नाही, त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. कानाला तोंड लावून ओरडले तरी शब्द पोचत नाही. आतली माणसे हातांनीच बोलतात. फोन आत न्यायला परवानगी नाही, त्यामुळे चेतनला अजून काहीच कळलेले नव्हते.

तो रांगेच्या मधोमध तुटलेला धागा जोडत होता. डोळे लालभडक. आम्हाला बघून त्याने हनुवटी वर केली: काय झालं?

सरांनी अंगठा खाली केला. हरलो. मग दोन्ही तळहात पसरून मान हलवली: पण पुरा झाला.

चेतनच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले मला दारातूनही दिसले. मग त्याने एक पाय हवेत झाडून चेंडू मारल्यासारखे केले आणि भुवया उंचावल्या. दादा कसा खेळला?

सरांनी चार बोटे आणि अंगठा जुळवून हात हवेत उडवला: फर्स्टक्लास.

चेतनचा विश्वास बसला नाही. आपल्या भावाचा खेळ त्याच्याइतका कोणाला माहीत असणार? त्याने मान तिरकी करून सरांकडे बघितले, मग माझ्याकडे, मग पुन्हा सरांकडे.

तेव्हा, एका कागदावर दोनदा सही करायला कचरणाऱ्या आणि उभ्या आयुष्यात कोणाच्या शपथेवर विश्वास न ठेवलेल्या त्या माणसाने, शाळकरी पोरे गळ्याशपथ म्हणताना धरतात तशी स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि चेतन हसेपर्यंत सोडली नाही.